बोअरची जागा ठरवताना: वीज सोडायची की घण मारायचा?

सोलापूर भागात बोअर घ्यायचा म्हटलं की पाणाड्याचा नारळ आधी येतो. तो बाजूला ठेवला तर दोन तपासण्या उरतात. एकीत जमिनीत वीज सोडून रोधकता, म्हणजे जमीन विजेला किती अडवते ते, मोजतात, दुसरीत घणाने हादरा देऊन लहरींचा वेग.

आपल्याकडे बेसाल्टचे थरावर थर. वर काळी माती, मग मुरूम, खाली काळा पाषाण, मध्येच मांजऱ्या (छिद्रांचा, मऊसर) खडक नाहीतर गेरूचा पट्टा. भेगा आणि झीज वाढली, त्यात पाणी साठलं, की अखंड पाषाणापेक्षा रोधकता उतरते आणि लहरीही मंदावतात. दोन्ही आकड्यांचं नातं आहे ते यामुळे. भूभौतिकतज्ज्ञ फाउस्टने १९५३ मध्ये या नात्याचं सूत्रही मांडलं, पण ते तेलक्षेत्रातल्या गाळाच्या खडकांवरून. आपल्या पाषाणाला ते लावणाऱ्यापासून सावध राहा.

रोधकता स्वस्त पडते आणि पाण्याला लगेच ओळखते. अखंड पाषाण शेकडो ओहम-मीटर दाखवतो, पाणी धरलेला मुरूम साधारण वीस ते पन्नास. गोची चिकणमातीची. मंगळवेढ्याच्या खोल काळ्या रानात आकडा दहाच्याही खाली जातो आणि माणूस पाणी लागलं म्हणून हरखतो. वीज नेलेली असते मातीने. तारेचं कुंपण, लोखंडी पाईप जवळ असले तरी आकडे बिघडतात. उन्हाळ्यात वीज सोडायला ठोकलेल्या सळईच्या बुडाशी मीठपाणी ओतताना दिसले तर हसू नका, कोरड्या मातीत वीज शिरतच नाही.

लहरी मात्र घट्टपणा सांगतात. कोरड्या मातीत सेकंदाला तीन-चारशे मीटर, पाणी भरलेल्या मुरुमात दीड हजारांच्या वर, पाषाणात साडेचार-पाच हजार. विहिरीला मुरूम किती आणि सुरुंग कुठून, किंवा घराचा पाया कुठे टेकेल, यासाठी हीच तपासणी घ्या. पण वेगवान पाषाणाखाली दडलेला मांजऱ्या थर या वक्रीभवन पद्धतीला (खालच्या जास्त वेगवान थरातून वाकून परतणाऱ्या लहरी टिपणारी) दिसतच नाही, आणि खोल बोअरचं पाणी बरेचदा तिथेच असतं. हायवेलगत ट्रक चालू असले तर नोंदीही खराब येतात.

म्हणून बोअरसाठी मी रोधकताच घेईन. आकडा संशयास्पद कमी आला, तर तेवढ्याच जागी घणाची एक छोटी ओळ. तिथे वेग हजाराच्या आत असेल तर ती नुसती ओलसर माती, पाण्याने भरलेला थर नव्हे.

रोधकतेने साठ-सत्तर मीटर खोलीचं कळायला तारा सरळ रेषेत दोन-तीनशे मीटर तरी पसराव्या लागतात. रान अर्ध्या एकराचं असेल तर शेजाऱ्याच्या बांधापलीकडे सळई ठोकायची परवानगी आधी काढून ठेवा.