मोजपट्टी घेऊन ऐकलेली बारा व्याख्यानं

साडेतीन तारे. पाच देणार होते, पण सातव्या व्याख्यानानं एक तारा खाल्ला आणि शेवटच्या प्रश्नपत्रिकेनं अर्धा.

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे हे मत कुठल्या बाजूनं येतंय ते कळेल. मी आर्किटेक्ट नाही. एकतीस वर्षं एका सरकारी कचेरीत ड्राफ्ट्समन होते (बाई असले तरी हुद्द्याचं नाव तेच). साहेब पेन्सिलीनं चार रेघा मारून द्यायचे, मी त्यांचा नकाशा करायचे. आधी ट्रेसिंग पेपर आणि शाईचं पेन, चुकलं की ब्लेडनं खरवडायचं. शेवटची बारा-तेरा वर्षं कॉम्प्युटर. निवृत्त झाल्यावर भाचीनं हा कोर्स फोनवर घालून दिला. विषय: इमारती, शहरं, सत्ता आणि त्यात राहणारी माणसं. रेकॉर्ड केलेली बारा व्याख्यानं, प्रत्येक पाऊण तासाच्या आसपास, बोलणं इंग्रजीत आणि खाली मराठी अक्षरं. "मावशी, तुला आवडेल, सगळ्या इमारतीच आहेत," म्हणाली.

त्या मराठी अक्षरांबद्दल एकदाच बोलून घेते. यंत्रानं केलेली असावीत. इमारतीचे मजले (इंग्रजीत 'स्टोरी') दर वेळी 'गोष्टी' होतात, त्यामुळे 'अकरा गोष्टींची इमारत' असं वाचायला मिळतं. संसदेच्या सभागृहाला सरळ 'चेंबर' लिहिलंय. साइटवर काम केलेल्या माणसाला चेंबर म्हटलं की ड्रेनेजचं झाकण दिसतं, मलाही तेच दिसलं. दोन व्याख्यानांनंतर अक्षरं बंद केली आणि इंग्रजीच कान देऊन ऐकलं. वक्ता सावकाश बोलतो, अडत नाही.

तिसरं व्याख्यान संसदांच्या बैठकीवर आहे आणि तेवढ्यासाठीसुद्धा कोर्स घ्यायला हरकत नाही. लंडनमधलं हाउस ऑफ कॉमन्सचं सभागृह मे १९४१ मध्ये बॉम्बहल्ल्यात जळून गेलं. ते पुन्हा कसं बांधायचं यावर १९४३ च्या ऑक्टोबरात, युद्ध चालू असताना, चर्चा झाली. चर्चिल यांचे दोन आग्रह होते. सभागृह लांबट आयताकृतीच हवं, अर्धवर्तुळ नको. आणि सगळे सदस्य एकदम बसू शकतील एवढं मोठंही नको, कारण मोठं केलं तर एरवीची चर्चा ओसाड दालनात होईल. लहान ठेवलं तर महत्त्वाच्या दिवशी माणसं दाटीनं उभी राहतील आणि प्रसंग प्रसंगासारखा वाटेल. १९५० मध्ये ते तसंच बांधून खुलं झालं. आज सदस्य ६५० आहेत आणि बसायच्या जागा सुमारे ४२७. आमच्या साहेबांपुढे मी असा नकाशा ठेवला असता तर म्हणाले असते, बाई, खुर्च्या मोजायला चुकलात.

यानंतर वक्ता जे करतो ते फार थोडे लोक करतात. आयताकृती सभागृह आणि फ्रेंच पद्धतीचं अर्धवर्तुळ असे दोन्ही प्लॅन तो एकाच स्केलला शेजारी शेजारी ठेवतो. आयतात बाकं समोरासमोर. तुम्ही या बाजूला किंवा त्या बाजूला. पक्ष बदलायचा तर मधली मोकळी फरशी सगळ्यांदेखत ओलांडावी लागते. अर्धवर्तुळात एकेक खुर्ची सरकत माणूस डावीकडून मध्यावर येऊ शकतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. 'डावे' आणि 'उजवे' हे शब्द १७८९ च्या फ्रान्समध्ये कोण अध्यक्षांच्या कुठल्या हाताला बसलं यावरून आले हे मला माहीत होतं. पण बैठकीच्या आकारानं मधल्या माणसाला जागा मिळते की नाही हे ठरतं, असा विचार मी कधी केला नव्हता. लंडनच्या सभागृहात समोरासमोरच्या बाकांपुढे जमिनीवर असलेल्या दोन लाल रेघा दोन तलवारींच्या अंतरावर आहेत, ही गोष्टही तो सांगतो आणि तिला पुरावा नाही हेही सांगतो. तिथे माझा विश्वास बसला.

त्याच व्याख्यानात ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा येते. १९८८ मध्ये खुल्या झालेल्या तिथल्या संसदेवर टेकडीचं गवत चढवलंय. कल्पना अशी की लोकांनी आपल्या प्रतिनिधींच्या डोक्यावरून चालावं. २०१७ मध्ये सुरक्षेसाठी त्या हिरवळीवर कुंपण आलं. वक्त्यानं हे एका वाक्यात उरकलं, मला त्यावर दहा मिनिटं हवी होती. छपराचा उतार तोच राहिला, नकाशात एक रेघ वाढली आणि इमारत जे सांगत होती ते उलटं झालं.

पॅरिसचं व्याख्यान ठीकठाक. सम्राटानं नेमलेला प्रशासक हाउसमान यानं १८५३ ते १८७० मध्ये जुन्या वस्त्या फोडून रुंद रस्ते काढले, बंडखोरांना अडथळे रचता येऊ नयेत म्हणून, हे सगळीकडे सांगतात ते इथंही सांगितलंय. १८७१ मध्ये त्याच शहरात पुन्हा अडथळे उभे राहिले. रस्त्यांखाली घातलेल्या सांडपाण्याच्या जाळ्याला अर्धं मिनिट मिळालंय. मी आयुष्यभर गटारांचे सेक्शन (उभे छेद दाखवणारे नकाशे) काढलेत, माझा राग समजून घ्या.

बार्सिलोनाचं मात्र चांगलं आहे. नगरपालिकेनं १८५९ मध्ये स्पर्धा घेऊन एकाचा आराखडा निवडला आणि माद्रिदच्या सरकारनं सेर्दा नावाच्या इंजिनिअरचा लादला. ११३ मीटरचे चौकोन, २० मीटरचे रस्ते, प्रत्येक चौकोनाचे चारही कोपरे छाटलेले. सेर्दाला चौकोनाच्या दोन किंवा तीनच बाजू बांधायच्या होत्या, आत बाग. मालकांनी आतली बाग बांधून खाल्ली. कोपरे वाचले, कारण कोपरा रस्त्यावरून दिसतो. हे शेवटचं वाक्य माझं, वक्त्याचं नव्हे, पण एकतीस वर्षं मंजूर नकाशा आणि झालेलं बांधकाम शेजारी शेजारी बघितल्यावर एवढं म्हणायचा हक्क मला आहे.

पाचव्या आणि सहाव्या व्याख्यानाची जोडी एका दिवशी ऐकावी. पाचव्यात अमेरिकेतल्या सेंट लुइसची प्रुइट-आयगो वसाहत: ३३ इमारती, प्रत्येक अकरा मजल्यांची, २,८७० घरं. लिफ्ट थांबायची फक्त पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि दहाव्या मजल्यावर. उरलेल्यांनी जिन्यानं चढावं-उतरावं. त्यात पैसे वाचले. लिफ्टच्या मजल्यांवर लांब गॅलऱ्या होत्या, तिथे शेजारी जमतील, पोरं खेळतील असा हिशेब होता. झालं असं की त्याच गॅलऱ्या आणि जिने लुटालुटीच्या जागा झाल्या. १९७२ मध्ये पाडायला सुरुवात झाली, पहिल्या इमारती वापरात येऊन वीस वर्षंही झाली नव्हती. वक्ता सगळा दोष आर्किटेक्टवर टाकत नाही: देखभाल भाड्यातून करायची होती, शहराची लोकसंख्या उतरत होती, घरं रिकामी पडली की भाडं कमी आणि भाडं कमी की देखभाल बंद. हे पटलं. तरीही मी त्या लिफ्टपाशी अडकले. लिफ्टचा एक दरवाजा कमी करायचा म्हणजे प्लॅनमधला एक छोटा चौकोन पुसायचा. मला अर्धं मिनिट लागलं असतं आणि मी विचारलंही नसतं की पाचव्या मजल्यावरची गरोदर बाई काय करेल.

सहाव्यात व्हिएन्नाचा कार्ल-मार्क्स-होफ, नगरपालिकेनं कामगारांसाठी बांधलेली वसाहत. १९३० मध्ये पुरा झालेला, लांबी एक किलोमीटरहून जास्त, जवळपास चौदाशे घरं. जमिनीचा पाचवा हिस्साही बांधलेला नाही, बाकी मोकळी अंगणं. धुलाईघरं, न्हाणीघरं, बालवाड्या, वाचनालय. घरांचे जिने रस्त्याकडे न उघडता अंगणात उघडतात, म्हणजे घरी जाणारा प्रत्येक माणूस आधी शेजाऱ्यांच्या नजरेखालून जातो. फेब्रुवारी १९३४ च्या यादवीत समाजवादी कामगार इथे ठाण मांडून लढले आणि सरकारनं या इमारतीवर तोफा डागल्या. घरांवर तोफा डागाव्या लागल्या यातच त्या अंगणांचं वजन कळतं.

आता सातवं. न्यूयॉर्कचे रस्ते, पूल आणि बागा ज्याच्या हातात होत्या त्या रॉबर्ट मोझेस या अधिकाऱ्यानं लाँग आयलंडकडे जाणाऱ्या रस्त्यांवरचे पूल मुद्दाम ठेंगणे बांधले, म्हणजे बस जाऊ नये आणि बसनं येणारे गरीब व काळे लोक समुद्रकिनाऱ्यावर पोचू नयेत. वक्ता हे सिद्ध झाल्यासारखं सांगतो. अभ्यासकांत यावर वाद आहे आणि कारण साधं आहे: त्या रस्त्यांवर बस आणि ट्रकला मुळात नियमानंच बंदी होती. मोझेस सज्जन होता असं मी म्हणत नाही. पण पुलाची उंची मोजायच्या आधी नियमाचं पान वाचायचं असतं, हे आमच्या कचेरीत नव्या पोराला पहिल्या आठवड्यात शिकवायचे. तलवारींच्या गोष्टीला पुरावा मागणारा माणूस इथे का घसरला, कळत नाही. एक तारा गेला.

आठव्यात त्यानं त्याची बरीच भरपाई केली. विषय तेच शहर, पण या वेळी बसायची जागा. १९६१ च्या नियमानुसार इमारतीपुढे मोकळा चौक सोडला की वर जादा बांधकाम मिळायचं. बिल्डरांनी चौक सोडले: ओसाड, वाऱ्याचे, बसायला काही नाही असे. विल्यम व्हाइट नावाच्या गृहस्थानं कॅमेरे लावून वर्षानुवर्षं माणसं कुठे टेकतात ते बघितलं. निष्कर्ष ऐकून हसू येतं, लोक जिथे बसायला जागा असते तिथे बसतात. पण त्यातून १९७५ मध्ये नियम बदलला: चौकाच्या दर ३० चौरस फुटांमागे एक फूट लांबीची बैठक. मी फोन थांबवून हे वहीत उतरवलं. 'लोकांसाठी सुखद वातावरण निर्माण करावे' असली वाक्यं मी शेकड्यांनी टाइप होताना पाहिलीत, त्यातून एक बाकही उभं राहत नाही. तीस चौरस फुटांना एक फूट, हे मात्र मी काढू शकते आणि बिल्डर चुकवू शकत नाही. व्हाइटचं आणखी एक निरीक्षण: सुटी खुर्ची दिली की माणूस बसण्याआधी ती चार बोटं का होईना सरकवतो, पुष्कळदा काही कारण नसताना. याच व्याख्यानाच्या शेवटी लंडनच्या कॅम्डन भागातलं २०१२ चं काँक्रीटचं बाक दाखवलंय, सगळ्या बाजूंनी उतरतं, कुणी आडवं होऊ नये म्हणून केलेलं. खुर्चीनंतर लगेच ते बघितल्यावर पाठीलाच कळतं.

नवव्यात ब्राझीलची नव्यानं आखून बांधलेली राजधानी ब्राझिलिया, छायाचित्रं सुंदर, बोलणं पसरट. अकरावं मी पुढे ढकलत ऐकलं.

दहावं अर्ध्या घरांचं. चिलीतल्या इकीके गावी आर्किटेक्ट अलेहांद्रो अरावेना यांच्या गटानं शंभरेक कुटुंबांना निम्मं घर बांधून दिलं, उरलेलं निम्मं ज्यानं त्यानं हात चालेल तसं वाढवायचं. काम २००४ चं. त्याला अर्धा तास. इंदूरच्या अरण्य वसाहतीत आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींनी त्याच्या कितीतरी आधी जोतं, पाणी आणि मोरी-संडासचा गाभा देऊन बाकीचं घर कुटुंबावर सोडलं होतं. सगळ्यात लहान भूखंड ३५ चौरस मीटर. त्याला दोन मिनिटं आणि एक फोटो. तारा कापला नाही, पण नोंद करून ठेवते.

घेणाऱ्यांसाठी कामाचं: मोठ्या पडद्यावर बघा, फोनवर प्लॅन वाचता येत नाहीत. उतरवून घ्यायला दिलेल्या नकाशांवर स्केल नाही, उत्तर दिशा नाही. आमच्याकडे असा कागद तपासणीला गेला असता तर न बघता परत आला असता. शेवटची प्रश्नपत्रिका वीस प्रश्नांची आणि सगळे प्रश्न कुणी, कधी, कुठे असे. लिफ्ट कुठल्या मजल्यांवर थांबायची हे एकानंही विचारलं नाही. मला चौदा मिळाले.

स्वाध्याय मात्र नामी आहे: जिथे तुमची आणि सत्तेची गाठ पडते अशी जागा निवडा आणि मोजा.

मी माझ्याच जुन्या कचेरीतली खिडकी निवडली. एकतीस वर्षं मी तिच्या आतल्या बाजूला होते. निवृत्तीनंतर पेन्शनच्या कागदासाठी पहिल्यांदा बाहेरच्या रांगेत उभी राहिले. नंबर आला तेव्हा समोर काच आणि बोलायची फट खाली, कमरेच्या थोडी वर. वाकून नाव सांगितलं. पुढचा वाकला, त्याच्या पुढची म्हातारी काठी भिंतीला टेकवून वाकली. स्वाध्यायासाठी टेप घेऊन पुन्हा गेले. फटीची खालची कड ९४ सेंटिमीटरवर, वरची १२२ वर. आतली जमीन बाहेरच्यापेक्षा १५ सेंटिमीटर उंच, खुर्चीवरच्या कारकुनाला मान वर करावी लागू नये म्हणून. ती पायरी माझ्याच हातची आहे. साहेबांनी आकडा सांगितला, मी सेक्शनमध्ये काढला, अक्षर सुंदर आलं म्हणून त्यांनी शाबासकीही दिली होती.

स्वाध्यायात मी दोन सेक्शन जोडले, आहे तो आणि हवा तो. दुसऱ्यात आतली जमीन बाहेरच्या पातळीला, ओटा ७५ सेंटिमीटरवर आणि बाहेरही एक खुर्ची, सुटी. स्केल घातलं, उत्तर दिशा घातली. स्क्रीनवर आलं, 'फाइल मिळाली, अभिनंदन'. ती कुणी उघडली का, ते समजायला मार्ग नाही. तिचीच एक प्रत मी कचेरीतही दिली, त्याच फटीतून, वाकून. आवक क्रमांक मिळालाय.