व्हेरिएंट कव्हरसाठी पिशवी, पुठ्ठा आणि डबा: नाशिकच्या हवेत कशाला किती मार्क

नाशिकमध्ये कॉमिकची व्हेरिएंट कव्हरं, म्हणजे त्याच अंकाच्या वेगळ्या कव्हरच्या प्रती, जमवत असाल तर पहिला मोठा खर्च डब्यावर करा, पिशवीवर नको. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. महागडी परदेशी पॉलिएस्टर पिशवी मागवायची आणि अंक ठेवायचे मिक्सरच्या रिकाम्या खोक्यात, तेही बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात. एप्रिलमध्ये इथली हवा ओठ फुटतील इतकी कोरडी असते, आणि जुलैत सकाळी बाहेर राहिलेला पापड दुपारपर्यंत सादळतो. कागदाचंही तेच. एखाद्या वेळी सादळून वाळला तर फारसं बिघडत नाही, पण दरवर्षी तेच होत राहिलं की कव्हरला लाट येते, पिनेभोवती तपकिरी डाग धरतो आणि दहापैकी ९.८ दर्जाचा म्हणून घेतलेला अंक ९.२ लाही जाईना अशी गत होते. पिशवीचं तोंड चिकटवलं म्हणजे ती हवाबंद झाली असं नाही. ती धूळ, घाम आणि ओरखडे अडवते. दमट हवा अडवायचं काम डब्याचं.

तरी सुरुवात पिशवीपासूनच करू, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

आजचा अमेरिकन कॉमिकचा अंक साधारण १६८ बाय २५९ मिलिमीटरचा. त्यासाठी दोन मापं चालतात: ‘करंट’ (रुंदी १७५ मिमी) आणि ‘सिल्व्हर’ (१८१ मिमी). साध्या कव्हरला करंट पुरते. पण डीसी या अमेरिकन प्रकाशकाची बरीच व्हेरिएंट कव्हरं जाड कार्डस्टॉकवर छापलेली असतात, किंमतही साध्यापेक्षा एक डॉलरनं जास्त. असा अंक मागच्या आधाराच्या पुठ्ठ्यासकट करंट पिशवीत ढकलायला गेलं की खालचा कोपरा पिशवीच्या शिवणीवर आपटतो आणि मुडपतो. सहा मिलिमीटरच्या फरकासाठी हा धोका कशाला घ्यायचा? सरसकट सिल्व्हर घ्या आणि पुठ्ठा सात बाय साडेदहा इंचाचा. पावणेसात इंची पुठ्ठा सिल्व्हर पिशवीत सैल पडतो आणि अंक आत सरकत राहतो.

आता पिशवी कशाची. पॉलिप्रॉपिलीन स्वच्छ दिसते, स्वस्त असते. पाच-सात वर्षांनी ती पिवळट पडते, तिला लाटा यायला लागतात, तेव्हा बदलायची. पॉलिएस्टर, म्हणजे लोक ज्याला मायलर म्हणतात ती, कडक असते, काचेसारखी दिसते आणि माणसाच्या हयातीत बदलावी लागत नाही. दोन मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाडीची एक पॉलिएस्टर पिशवी ज्या पैशांत येते, त्यात पॉलिप्रॉपिलीनच्या चार-पाच सहज येतात. म्हणून सगळ्या संग्रहाला पॉलिएस्टर चढवणं म्हणजे पैशांची उधळण.

आपल्याकडे तिसरा पर्यायही आहे. मेनरोडच्या बाजूला पॅकिंगच्या दुकानांत कुर्ती-साडीच्या पारदर्शक पिशव्या शेकड्यानं मिळतात. त्यातल्या बऱ्याच बीओपीपीच्या, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनच्याच असतात आणि कामचलाऊ म्हणून चालतात. मापाला मात्र तडजोड करावी लागते. सात बाय अकरा मागितली तर चिकटपट्टीची घडी धरून सात बाय अकरा की सोडून, हे आधी विचारा. दहा पिशव्या नमुना म्हणून घ्या, घरी पुठ्ठा घालून बघा, मगच शेकडा उचला.

खरा शत्रू पीव्हीसी. अंजनेरीला नाणे संशोधन संस्था, नाशिकरोडला नोटांचा छापखाना, त्यामुळे नाणी-नोटा जमवणारे आणि त्यांचे अल्बम या गावाला नवे नाहीत. पण अल्बमची मऊ, लवचीक, नव्या रेक्झिनसारखा वास येणारी पानं बहुतेक पीव्हीसीची असतात. त्यातलं मऊपणा आणणारं द्रव्य हळूहळू बाहेर येतं, कव्हर चिकटतं आणि वेगळं करताना शाई प्लास्टिकवर राहते. दुकानदार ‘प्युअर प्लास्टिक आहे’ म्हणाला तरी घरी तपासा. पिशवीचा नखाएवढा तुकडा कापा, ग्लासभर पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका आणि तुकडा बोटानं पूर्ण बुडवून सोडा. पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं, वर येतं. पीव्हीसी आणि पॉलिएस्टर दोन्ही तळाशी बसतात, पण त्या दोघांत गोंधळ होत नाही: पॉलिएस्टर चुरगाळलं की करकर वाजतं आणि फाडायला गेलं तर ओढून ओढून दमायला होतं. साबण विसरू नका, नाहीतर बुडबुडे चिकटून पीव्हीसीही तरंगेल आणि तुम्ही खूश व्हाल.

पिशवीच्या चिकटपट्टीबद्दल एक गोष्ट. पट्टी झाकणाच्या घडीवर असेल तर अंक बाहेर काढताना ती कव्हरच्या वरच्या कडेला हमखास लागते. चकचकीत कव्हरवरून एकदा सुटली तर नशीब, मॅट कव्हरवरून सुटताना रंगाचा पापुद्रा घेऊनच येते. अंक काढायच्या आधी घडी मागे पूर्ण दुमडून तिथल्या तिथे दाबा, किंवा पट्टीवर बटर पेपरची चिंचोळी पट्टी लावा. पट्टी पिशवीच्या अंगावर, पाठीमागच्या बाजूला असलेल्या पिशव्या मिळाल्या तर त्याच घ्या.

पॉलिएस्टर कोणाला द्यायची? फॉइल कव्हरला, म्हणजे चमकत्या धातूसारख्या पापुद्र्याच्या कव्हरला, आधी. फॉइलची बाजू ओल घेत नाही, मागचा कागद घेतो. त्यामुळे पावसाळ्यात कागद फुगतो आणि कव्हर फॉइलच्या बाजूला वाकतं. ढिल्या पिशवीत ते धनुष्यासारखं होऊन बसतं, कडक पिशवी आणि जाड पुठ्ठा त्याला सपाट धरतात. शिवाय फॉइलवर बोटाचा ठसा उमटला की उमटलाच, पुसायला गेलात तर बारीक ओरखडे पडतात. दुसरा मान व्हर्जिन कव्हरचा, म्हणजे नाव-लोगो काही नाही, नुसतं चित्र. त्यातही गडद पार्श्वभूमीचं असेल तर पाठीवरची, पिनांजवळची प्रत्येक पांढरी रेघ दुरून दिसते. कोरं स्केच कव्हर, म्हणजे चित्र काढून घेण्यासाठी पांढरं सोडलेलं, वेगळंच प्रकरण आहे. त्याला चकाकी नाही, सच्छिद्र आहे, घाम पितं आणि सगळ्यात आधी पिवळं पडतं. त्याला पिशवीपेक्षा पुठ्ठा चांगला लागतो.

आणि अर्थात दुर्मिळ ते. १:२५ म्हणजे दुकानदारानं साध्या कव्हरचे २५ अंक मागवले तर हे एक मिळणार, १:१०० म्हणजे शंभरामागे एक. २०११ च्या ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’ ६६७ चं चित्रकार देल’ओत्तोनं काढलेलं १:१०० कव्हर आजही मोजक्यांकडेच आहे. उलट १९९१ च्या ‘एक्स-मेन’ १ ची चित्रकार जिम लीची पाच कव्हरं मिळून ८० लाखांच्या आसपास खपली. कव्हरं पाच आहेत म्हणून कोणी ‘रेअर’ म्हणून गळ्यात मारत असेल तर नमस्कार करून निघा. तो संच साध्या पॉलिप्रॉपिलीनमध्ये सुखानं राहील.

घेतलेलं कव्हर नक्की कोणतं, हे पिशवीत घालायच्या आधी बारकोडवरून पाहून घ्या. मार्व्हल-डीसीच्या अंकांवर मोठ्या बारकोडशेजारी पाच आकड्यांचा छोटा बारकोड असतो. पहिले तीन आकडे अंकाचा क्रमांक, चौथा कव्हर, पाचवा छपाई. ००१११ म्हणजे पहिला अंक, पहिलं कव्हर, पहिली छपाई. ००१२१ म्हणजे दुसरं कव्हर. ००११२ दिसलं तर ती दुसरी छपाई आहे, व्हेरिएंट म्हणून जास्तीचे पैसे देताना हा शेवटचा आकडा आधी बघा. हेच पाच आकडे पुठ्ठ्याच्या मागे पेन्सिलीनं लिहून ठेवले की पुन्हा अंक बाहेर काढावा लागत नाही. पेन्सिलच वापरा, आणि पुठ्ठा अंकामागे सरकवायच्या आधी लिहा, नाहीतर अक्षरांचा दाब मागच्या कव्हरवर उमटतो.

पुठ्ठ्यात दोन जाड्या चालतात. २४ पॉइंट, म्हणजे ०.६ मिमी, रोजच्यासाठी. ४२ पॉइंट, म्हणजे मिलिमीटरपेक्षा जरासा जाड, फॉइल आणि महागड्या अंकांसाठी. साध्या पुठ्ठ्याची एकच बाजू चकचकीत असते, तिला आम्लविरोधी लेप असतो आणि तीच बाजू अंकाकडे ठेवायची. उलटा घातलेला पुठ्ठा ही सगळ्यात सार्वत्रिक चूक. इथल्या कागदाच्या दुकानात ‘तसाच’ म्हणून ड्युप्लेक्स दाखवतील: पुढून पांढरा, मागून करडा, मिठाईच्या खोक्याचा असतो तो. ती करडी बाजू रद्दीच्या लगद्याची. काही वर्षांत तिचा पिवळेपणा मागच्या कव्हरवर उतरतो. पैसे वाचवायचेच असतील तर चांगल्या फ्रेमवाल्याकडे आम्लविरहित माउंटबोर्ड मिळतो. तो जाड असतो, सगळ्या संग्रहाला परवडणार नाही, पण पाच-दहा कोऱ्या स्केच कव्हरना त्याच्याइतकं चांगलं काही नाही. कापून घेताना कोपरे तासून, किंचित गोल करून मागा, टोकदार कोपरा पिशवी आतून फाडतो.

आता डबा. अंबड-सातपूरला खोकी बनवणारे आतून साडेसात बाय अकरा बाय पंधरा इंच मापाचं पाच पदरी खोकं करून देतात. दीडेकशे अंक मावतात, दिसायला देखणं, हाताळायला सोपं. ऑक्टोबर ते मेपर्यंत त्याला दहापैकी आठ. पावसाळ्यात तीन. पन्हाळीचा पुठ्ठा स्वतःच ओल पितो आणि ती आतल्या अंकांना वाटत बसतो.

भांडी बाजारात मिळणारा मोठा प्लास्टिकचा डबा, झाकणात रबरी किंवा सिलिकॉनचं कडं आणि चारी बाजूंना चाप असलेला, हा इथल्या हवेला खरा जोडीदार. नुसतं दाबून बसणारं झाकण नको. माप तळाशी घ्या, तोंडाशी नाही. हे डबे खाली निमुळते असतात, वर आठ इंच दिसलं तरी तळाला सात भरतं आणि पुठ्ठे धनुष्यासारखे वाकतात. तळाला साडेसात इंच रुंदी, आतून साडेअकरा इंच उंची, याखाली घेऊ नका. हवाबंद आहे का ते बघायला पापड पुरे: जुलैत एक कोरा, भाजलेला पापड आत ठेवून झाकण लावा, दोन दिवसांनी मोडून बघा. कुरकुरीत असेल तर डबा पास.

अंक उभे ठेवा, इंचाला साधारण दहा. इतके घट्ट नकोत की काढताना ओढावं लागेल, आणि तिरके झुकतील इतके सैलही नकोत. रिकामी जागा कोऱ्या पुठ्ठ्यांनी भरा.

सिलिका जेलबद्दल गैरसमज फार. साठ अंक पुठ्ठ्यांसकट साधारण सहा किलो भरतात. दमट दिवसात एवढा कागद शंभर-दीडशे ग्रॅम जास्तीचं पाणी सहज धरतो. शंभर ग्रॅम जेल त्यातलं फार तर पाव वजनाइतकं, पंचवीसेक ग्रॅम ओढणार. म्हणजे जुलैत सादळलेले अंक डब्यात घालून जेलच्या भरवशावर राहणं फुकट आहे, उलट ओल आत कोंडता तुम्ही. डबा भरायचा तो दिवाळीनंतर किंवा फेब्रुवारीत, आर्द्रता ४५ ते ५० टक्के दाखवत असताना. मग जेलला फक्त झाकणातून झिरपणारी ओल बघायची असते. नारिंगी रंगाचं घ्या. ते हिरवट झालं की ट्रेमध्ये पसरून ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास ठेवलं की पुन्हा तयार. निळ्यात कोबाल्ट असतं, स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये ते नकोच. एप्रिल-मेमध्ये जेल काढून ठेवा. आर्द्रता तीसच्या खाली गेली की फॉइल आणि कार्डस्टॉक उलट्या बाजूला वळायला लागतात.

आर्द्रता मोजायचं छोटं डिजिटल यंत्र स्वस्तात मिळतं, पण पाच-सात टक्के इकडेतिकडे दाखवतं. त्याचं खरंखोटं मिठानं होतं. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घाला, यंत्रासोबत झिपच्या पिशवीत बारा तास बंद ठेवा. काटेकोर ७५ दाखवायला हवं. ७० दाखवलं तर पुढे प्रत्येक वेळी पाच मिळवायचे.

डांबरगोळ्या मात्र आत टाकू नका. त्यांच्या वाफेनं पॉलिस्टायरीनसारखं प्लास्टिक मऊ पडतं आणि वास कागदातून वर्षानुवर्षं जात नाही. कसर आणि झुरळं घट्ट झाकणानंच बाहेर राहतात. ग्रेडिंग करून आलेले स्लॅब, म्हणजे दर्जा ठरवून कडक प्लास्टिकमध्ये बंद केलेले अंक, साधारण आठ बाय तेरा इंचांचे, ते या डब्यात बसत नाहीत. त्यांना वेगळा, उंच डबा लागतो, आणि स्लॅब हवाबंद असतो या समजुतीवर त्यांना उघड्या फळीवर ठेवू नका.

डबा ठेवायचा तो आतल्या भिंतीशी, मोरी-बाथरूमच्या पाठीमागे नाही, जमिनीपासून वीतभर उंच आणि भिंतीपासून चार बोटं सुटा. भरलेला असला की आठ किलोच्या आसपास जातो, तेव्हा माळ्यावर चढवण्याआधी तिथून पावसाळ्यात महिन्यातून एकदा तो खाली कोण काढणार, तेवढं ठरवून ठेवा.