त्रिपर्णी संत्रे: राणीखेतची थंडी, वाळपईचा पाऊस आणि अठरा महिन्यांचा अनुभव

वाळपईजवळच्या आमच्या कुळागरात, म्हणजे बागायतीत, पपनसाची दोन झाडे होती आणि चतुर्थीच्या माटोळीला, म्हणजे गणपतीवरच्या फळाफुलांच्या चौकटीला, बांधायचे पपनस आम्हांला कधी विकत आणावे लागत नसे. लागोपाठच्या दोन पावसाळ्यांत ती दोन्ही झाडे गेली. बुंध्याची साल तडकून तिच्यातून डिंक वाहू लागला, पाने पिवळी पडली आणि दिवाळीपर्यंत फांद्या वाळल्या. हा डिंक्या रोग, म्हणजे साचलेल्या पाण्यात फोफावणाऱ्या फायटोप्थोरा या बुरशीसारख्या सूक्ष्मजीवाचे काम. गोव्यात वर्षाकाठी सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि घाटाच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या सत्तरी तालुक्यात त्याहून अधिक, त्यामुळे बुंध्याला मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावूनही सखल जागेतले लिंबूवर्गीय झाड वाचेल याचा भरवसा नसतो. या रोगाला दाद न देणारा खुंट, म्हणजे ज्याच्या मुळांवर दुसऱ्या झाडाचा डोळा भरून कलम करायचे ते रोप, शोधताना त्रिपर्णी संत्र्याचे, म्हणजेच ट्रायफोलिएट ऑरेंजचे नाव समोर आले. तेव्हा ते थंड प्रदेशाचे झाड आहे एवढेच मला ठाऊक होते.

माझा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त उत्तराखंडातल्या राणीखेतला, सुमारे १८०० मीटर उंचीवर राहतो. त्याने तिकडच्या एका रोपवाटिकेतून वीतभर उंचीची सहा रोपे घेतली. तीन त्याने आपल्या अंगणात लावली आणि तीन जूनच्या पहिल्या आठवड्यात माझ्याकडे आली. त्याच्या तिघांपैकी एक रोप मुळात त्रिपर्णी नव्हतेच. त्याची पाने तीन पर्णिकांची नव्हे, तर एकेरी आणि रुंद होती. त्रिपर्णीचा संकर दुसऱ्या संत्र्याशी झाला तरी संततीत तीन पर्णिकांचे पान टिकून राहते, त्यामुळे ही संकराची नव्हे, तर रोपे देतानाची चूक होती. रोपे घेताना प्रत्येकाचे पान स्वतः पाहूनच घ्यावे.

पान पाहिले की आपल्याला बेल आठवतो आणि ते योग्यच आहे, कारण दोन्ही झाडे एकाच कुळातली आहेत. मात्र या झाडाला बेलाचा मोठेपणा नाही. ते झुडपासारखे दाट वाढते, फांद्या हिरव्या आणि चपट्या असतात आणि काटे तीन ते पाच सेंटिमीटर लांब, इतके कठीण की जाड हातमोज्यांशिवाय छाटणी करू नये. मूळ चीनचे हे झाड जपानमध्ये आणि कोरियातही फार पूर्वीपासून लावले जाते. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७६३ साली त्याला सिट्रस ट्रायफोलिएटा हे नाव दिले. पुढे ते पॉन्सिरस या वेगळ्या प्रजातीत गेले आणि आता पुष्कळ अभ्यासक त्याला पुन्हा सिट्रसमध्येच धरतात.

राणीखेतचा अनुभव आधी सांगतो, कारण या झाडाचा खरा स्वभाव तिथे दिसला. नोव्हेंबरमध्ये पाने पिवळी होऊन गळाली आणि नुसते हिरवे काटेरी सांगाडे उरले. भावाने घाबरून मला फोन केला, पण संत्र्याच्या जवळच्या नातलगांत पानगळ होणारे हे जवळजवळ एकमेव झाड आहे आणि त्याच्या काटकपणाचे मूळ या विश्रांतीतच आहे. पूर्ण विश्रांती घेतलेले झाड उणे २० अंशांच्या आसपासची थंडीही सोसते. त्या जानेवारीत भावाच्या तापमापीवर नीचांक उणे ४ नोंदला गेला आणि रोपांना ना गोणपाट गुंडाळले होते, ना गवताचे आच्छादन घातले होते. तरीही एका रोपाचे नुकसान झालेच. भावाने सप्टेंबरअखेर त्याला युरिया दिला होता, त्यामुळे ऐन थंडीच्या तोंडावर कोवळे फुटवे आले आणि दहिवर गोठलेल्या पहिल्याच रात्री ते काळे पडले. जुन्या लाकडाला मात्र काही झाले नाही. थंडी हळूहळू वाढत गेली तरच या झाडात काटकपणा येतो आणि उशिराचे नत्र नेमकी तीच तयारी मोडते. थंड हवेत हे झाड लावणाऱ्याने ऑगस्टनंतर खत देऊ नये, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. जागा उन्हाची आणि निचऱ्याची हवी. चुनखडीच्या जमिनीत मात्र लोह मिळत नसल्याने त्याची पाने पिवळी पडतात.

मार्चअखेर कोंब फुटले आणि ती दोन्ही रोपे आज गुडघ्याच्या वर गेली आहेत. फुले अजून नाहीत आणि बियांपासून केलेल्या रोपांकडून ती काही वर्षे मागूही नयेत. फळ मी रोपवाटिकेतल्या जुन्या झाडाचे पाहिले आहे. लिंबाएवढे, पिवळे, अंगावर मऊ लव, आणि वास इतका सुंदर की ते खोलीत ठेवावेसे वाटते. आत मात्र बियाच बिया आणि जिभेवर राहणारा चिकट कडूपणा. खाण्यासाठी हे झाड लावू नये. त्याच फळांतल्या बिया मी वाळवून पेरल्या तेव्हा एकही उगवली नाही. ओलसर वाळूत घालून दीड महिना फ्रिजमध्ये ठेवलेल्या बिया मात्र चांगल्या उगवल्या आणि काहींतून दोन-दोन रोपे आली. ती बहुधा आईची हुबेहूब प्रतिकृती असतात. खुंटासाठी एकसारखी रोपे हवी असतात आणि म्हणूनच हा गुण मोलाचा आहे.

जपानमधील सात्सुमा संत्र्यांच्या बागा मुख्यतः याच खुंटावर आहेत. अमेरिकेत १८९४-९५ च्या हिवाळ्यात फ्लोरिडातील बागा गोठून गेल्यानंतर वनस्पतिशास्त्रज्ञ वॉल्टर स्विंगल यांनी याचे गोड संत्र्याशी संकर केले आणि त्यांना सिट्रेंज हे नाव मिळाले. एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. खुंट उणे २० अंश सोसतो म्हणून त्यावर भरलेले संत्रे तितके सोसत नाही, ते फक्त थोडे अधिक काटक होते. थंडीने वरचे कलम मेले की खालून खुंटाचे फुटवे जोमाने येतात आणि झाड वाचल्याच्या आनंदात लोक ते वाढू देतात. कलमाच्या सांध्याच्या खालून तीन पर्णिकांचे पान दिसले की तो फुटवा त्याच दिवशी काढून टाकावा.

आता गोव्याकडे वळतो. वाळपईला जानेवारीतही या झाडाला हवी तशी थंडी नसते. पाने फेब्रुवारीपर्यंत लोंबकळत राहिली, मग अर्धीमुर्धी गळाली आणि पालवीही एकदम न येता फांदीफांदीला वेगवेगळ्या वेळी आली. राणीखेतच्या रोपांच्या मानाने इथली वाढ निम्म्याहून थोडीच अधिक आहे. लिंबाच्या फुलपाखराच्या अळ्यांनी पावसाळ्यात कोवळी पाने दोनदा फस्त केली. त्या मी हाताने वेचल्या. पानांवर खैऱ्या रोगाचे ठिपकेही आले आणि या रोगाला हे झाड चांगलेच बळी पडते.

तिसरे रोप मांद्र्याला आत्याकडे दिले होते. तिच्या विहिरीचे पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होते. मेच्या मध्यापर्यंत त्या रोपाच्या पानांचे शेंडे करपले आणि पावसाळ्यात ते सावरले नाही. हा खुंट मचूळ पाण्यातला क्लोराइड, म्हणजे मिठातला अंश, मुळांशी अडवू शकत नाही. किनारपट्टीवरच्या आणि खाजनाजवळच्या, म्हणजे खाऱ्या पाण्यालगतच्या सखल शेतांजवळच्या, बागायतदारांनी याच्या वाटेला जाऊ नये, असे मी अगदी स्पष्टपणे सांगेन.

वाळपईच्या दोन रोपांपैकी एक मी मुद्दाम पपनस मेले त्याच सखल जागेत लावले होते. जुलैत तिथे सलग सहा दिवस पाणी साचून राहिले. बुंध्याशी डिंक नाही, सालीला तडा नाही, पानेही हिरवी. दुसऱ्या पावसाळ्यातही तसेच. याची मुळे फायटोप्थोराला, ट्रिस्टेझा या विषाणूला आणि लिंबूवर्गीय सूत्रकृमीला तोंड देतात. आपली जांभी जमीन आम्ल असल्याने चुनखडीची अडचणही येत नाही. मुळे फार खोल जात नसल्यामुळे मार्च ते मे आळ्यात पाण्याची पाळी चुकवून मात्र चालत नाही.

म्हणून गोव्यात, तेही किनाऱ्यापासून दूर असलेल्या ओल्या जमिनीत, केवळ खुंट म्हणून याचा विचार करावा. जंबेरी किंवा रंगपूर लाइम या खुंटांच्या मानाने हा फार सावकाश वाढतो, हे धरूनच चालावे. माझ्या दुसऱ्या रोपाचे खोड कलम करण्याइतके जाड व्हायला दुसरा ऑक्टोबर उजाडला. लिंबाच्या युरेका जातीशी याचा सांधा टिकत नाही. पपनसाचे काय होते ते पाहण्यासाठी मी शेजारच्या वाड्यावरच्या जुन्या झाडाचा डोळा त्यावर भरला. कलमाच्या वर खुंट कापून आता सहा आठवडे झाले आहेत. डोळ्यातून पंख असलेल्या देठाची तीन रुंद पाने आली आहेत आणि खालून उगवलेले तीन पर्णिकांचे दोन फुटवे मी काल काढले. सखल जागेतले रोप पुढच्या ऑक्टोबरपर्यंत तयार झाले, तर त्यावरही त्याच झाडाचा डोळा भरणार आहे.