ससून डॉक की वरळी कोळीवाडा?

आपल्या कोल्हापूरकडचा माणूस मुंबईचा समुद्र बघतो तो गेटवेवरनं, नाहीतर जुहूच्या वाळूत उभं राहून. मासेमारीची जुनी मुंबई बघायची असेल तर ही दोन ठिकाणं आहेत. हातात एकच दिवस असेल तर दोन्ही उरकायच्या फंदात पडू नका.

पहिला प्रश्न गाडीचा. महालक्ष्मी एक्स्प्रेस सीएसएमटीला लागेपर्यंत सकाळचे सात वाजून गेलेले असतात, आणि ससून डॉकचा खरा कारभार पहाटे पाचच्या सुमाराचा. म्हणजे डॉकसाठी आदल्या रात्री मुंबईत मुक्काम आला. तेवढी तयारी असेल तर मात्र जाच. कुलाब्यातला हा धक्का १८७५ चा, अल्बर्ट ससून यांनी बांधलेला. बोटीवरनं मासळीच्या पाट्या हातोहात वर फेकल्या जातात, पायाखाली बर्फाचा चुरा, आणि लिलाव इतका झपाट्यानं की शाहू मार्केट यार्डातले गुळाचे सौदे त्यापुढं निवांत वाटावेत. कडेला बायका ओळीनं बसून कोळंबी सोलतात. बोटंही चालू, गप्पाही चालू. वाटेत उभं राहिलात तर बाजूला व्हायला सांगतील, त्याचा राग मानू नका. फोटोला मनाई आहे, मोबाईल खिशातच बरा. आणि कोल्हापुरी पायताण घालून तर अजिबात जाऊ नका, मासळीच्या पाण्यात चामड्याची वाट लागते.

वरळीला घाई नाही. नऊ-दहाला पोचलात तरी चालतं. मुंबईच्या मूळ सात बेटांतलं हे एक, आणि कोळीवाडा आजही त्याच्या टोकाला घट्ट बसलाय. गल्ल्या अशा की समोरून दुचाकी आली तर कुणाच्या तरी उंबऱ्यावर चढावं लागतं. दारात नायलॉनचं जाळं पसरून कुणी तुटलेले फासे सांधत असतो. गोल्फादेवीचं दर्शन घ्या आणि पुढं इंग्रजांनी सतराव्या शतकात बांधलेल्या किल्ल्यावर जा. पन्हाळा बघितलेल्याला तो किल्ला म्हणायला जड जाईल, पण तिथनं वांद्रे-वरळी सी लिंक समोर दिसतो. तो २००९ ला सुरू झाला. त्यानंतर कोस्टल रोड आला, तेव्हा त्याच्या खांबांमधनं बोटी न्यायच्या कशा यावर इथले मच्छीमार अडून बसले आणि ६० मीटरचं अंतर १२० मीटर करून घेतलं. शहराशी असं भांडून टिकलेली वस्ती बघायला मिळते, म्हणून माझं मत वरळीला. पोरंबाळं, म्हातारी माणसं बरोबर असतील तर प्रश्नच नाही. फक्त ही लोकांची घरं आहेत. विचारल्याशिवाय दारात डोकावू नका.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दिवसांत डॉकवर काही उरत नाही, वरळीत निदान वस्ती तरी बघता येते. नारळी पौर्णिमेला गेलात तर वरळीच.

आणि मुंबई नकोच, पापलेट-सुरमई घरी आणायची एवढंच डोक्यात असेल, तर आंबा घाट उतरून रत्नागिरीचं मिरकरवाडा बंदर गाठा. जेमतेम सव्वाशे-दीडशे किलोमीटर. बर्फाचा डबा मात्र इथनंच घेऊन जा.