कोच धरून ठेवायचा का बदलत राहायचा? टीम चालवणाऱ्यांसाठी

फुटबॉलची टीम काढायलेत, स्पॉन्सर मिळालाय, पण कारभार कसा ठेवायचा यावर कमिटीचं एकमत होईना, असं नांदेड-परभणीकडची ओळखीची पोरं विचारायलेत. एक गट म्हणतो चांगला कोच धरा अन् पाच वर्षं त्याला हात लावू नका, दुसरा म्हणतो रिझल्ट नाही तर कोच घरी. दाखले दोन्हीकडं मोठमोठे आहेत, म्हणून शेजारीशेजारी ठेवून बघू.

धरून ठेवण्याचा सगळ्यात मोठा दाखला फर्ग्युसनचा. 1986 च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेड क्लबला कोच म्हणून आला, पहिली ट्रॉफी 1990 ला, अन् इंग्लंडची लीग तर थेट 1992-93 ला. एवढा दम वरच्यांनी धरला म्हणून 2013 पर्यंत 13 लीग आल्या. तिथल्याच आर्सेनल क्लबनं पण त्यांचा कोच आर्टेटाला असंच सांभाळलं, पहिले दोन सीझन आठवा नंबर येऊनही काढला नाही, मग 2022-23 पासून लागोपाठ तीन सीझन दुसरा.

पण यात धोका असा की सगळं एकाच माणसात अडकतं. 2013 ला फर्ग्युसन गेला अन् त्याच उन्हाळ्यात क्लबचा कारभार बघणारा डेव्हिड गिल पण गेला. फर्ग्युसनच्या जागी आलेल्या मोयेसला सहा वर्षांचा करार दिला अन् पहिला सीझन संपायच्या आत काढला, म्हणजे नुसत्या कागदावर स्थिरता येत नसते. पुढं 2024 ला तर जुलैत तेव्हाचा कोच टेन हागचा करार वाढवला, ऑक्टोबरात त्याला काढलं, नोव्हेंबरात आमोरिम आला तो मागं तीन डिफेंडर लावणारा, अन् पोरं सगळी चारच्या पद्धतीसाठी घेतलेली. आता विचार करा, सीझन मध्यावर, मॅचवर मॅच, सरावाला वेळ नाही, अन् फुलबॅकला, म्हणजे कडेच्या डिफेंडरला, कळंना की बॉल गेल्यावर आपण मागं यायचं का पुढं दाबायचं. त्या सीझनला युनायटेड पंधरावी आली.

आता दुसरी बाजू, इंग्लंडचाच चेल्सी क्लब. 2012 च्या मार्चमध्ये कोच विलास-बोआसला काढलं, त्याचा असिस्टंट डी मातेओला बसवलं, अन् मे महिन्यात जर्मनीच्या बायर्नला त्यांच्याच म्युनिकमध्ये हरवून चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांचा सगळ्यात मोठा कप. 2021 च्या जानेवारीत लॅम्पार्डला काढून टुखेल आणला, मे मध्ये परत चॅम्पियन्स लीग. लोक एवढंच बघतात अन् म्हणतात कोच बदला, कप येतो. मालक 2003 पासून एकच होता, पैशाची चिंता नव्हती, अन् 2012 ला ड्रेसिंग रूममध्ये चेक, टेरी, लॅम्पार्ड (तेव्हा तो खेळाडू होता), द्रोग्बा वर्षानुवर्षं सोबत खेळलेले होते, हे कुणी बघत नाही. बटईदार बदलला तरी रान अन् विहीर तीच असंल तर पीक निघतं. 2022 ला मालक बदलले, कोच काढायची सवय तीच राहिली, सप्टेंबरात टुखेल गेला, एप्रिलमध्ये पॉटर गेला, अन् टीम बारावी. मला तर याच्यापेक्षा चांगला पुरावा माहीत नाही.

आपल्या इकडचं बघायचं तर आयएसएल, म्हणजे भारताच्या फुटबॉल लीगमधली मुंबई सिटी. तिथं लीगच्या टेबलात पहिल्याला शील्ड मिळते, अन् नंतरच्या बाद फेऱ्या जिंकणाऱ्याला कप. 2019 ला मँचेस्टर सिटीचा मालक असलेला सिटी ग्रुप आला, मग कोच लोबेरानं 2020-21 ला शील्ड अन् कप दोन्ही, बकिंगहॅमनं 2022-23 ची शील्ड, तो मधेच गेला तर क्राटकीनं 2023-24 चा कप. त्या काळात कोच तीन पण वरचं घर एकच होतं.

अन् हैदराबाद. नांदेड-देगलूरवाल्यांना पुण्यापेक्षा हीच टीम जवळची होती, म्हणून तिचं जास्त लागतं मनाला. मानोलो मार्केझ तीन सीझन कोच होता, 2022 ला आयएसएलचा कप जिंकून दिला, पुढच्या सीझनला दुसरा नंबर. कोच स्थिर, पोरं एकदिलानं खेळणारी, पण वर पैशाचाच मेळ नव्हता, पगार थकले, कोच गेला, खेळाडू निघून गेले, अन् 2023-24 ला टीम तळाला. कोच कितीही चांगला असू द्या, पगार थकला की तो काय करणार?

म्हणून माझं मत असं, भांडण कोचवरून नको, आधी वरचं पक्कं करा. सीझनभराचे पगार सीझनआधीच बँकेत वेगळे ठेवा. स्पॉन्सरचा फोन आला की माझ्या पुतण्याला अकरात घ्या, तर त्याला नाही कोण म्हणणार, ते नाव आजच ठरवा. कमिटीत खेळ कळणारा अन् टिकून राहणारा असा एक माणूस असंल तर कोच बदलायला भिऊ नका. तसा माणूस नसंल तर कोचलाच धरून राहा, कारण कुणाचा गुडघा दुखतोय, कोण घरच्या अडचणीत आहे, सगळं त्याच्याच डोक्यात असतं अन् तो गेला की ते पण गेलं.

बदलायचाच झाला तर सीझन संपल्यावर बदला, अन् नवीन शोधायच्या आधी असिस्टंटला विचारा, त्याला पोरं पण माहीत अन् खेळायची पद्धत पण.