लाइटस्क्राइब: एकच गडद फेरी की दोन फेऱ्या?

लाइटस्क्राइब म्हणजे सीडी-डीव्हीडीच्या खास डिस्कच्या लेबलच्या बाजूवर ड्राइव्हच्या लेझरनेच चित्र कोरायचं तंत्र. अशा डिस्कवर फोटो फिकट येतो, तेव्हा दोन वाटा असतात. पहिली, कॉन्ट्रास्ट वाढवणारी युटिलिटी (छोटा प्रोग्राम) संगणकात टाकून एकाच फेरीत काम उरकायचं. वेळ वाचतो, नुसत्या नाव-तारखेला हे पुरतं.

फोटोला मात्र मी दुसरी वाट धरतो: तेच लेबल त्याच डिस्कवर पुन्हा कोरायचं. डिस्क बाहेर काढून परत घातली तरी चालते, कारण मधल्या भोकाभोवतीच्या खुणा वाचून ड्राइव्ह चित्र नेमकं जागेवर बसवतो. आईच्या फोटोत पहिल्या फेरीला केस राखाडी होते, दुसरीत काळे झाले, नथही उठून दिसली. वेळ दुप्पट लागतो, लागू दे. मूळ फोटोचा कॉन्ट्रास्ट आधीच वाढवून घ्या, आणि डिस्क उन्हात ठेवू नका. लेबल फिकं पडतं.