बदली बाई उद्या नक्की येतेय

बाळाचं उष्टावण झालं त्याच आठवड्यात माझी २६ आठवड्यांची रजा संपत होती. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं, आईला कराडहून हलता येत नव्हतं. जवळची दोन पाळणाघरं पाहिली. एकीकडे वर्षाखालचं मूल घेत नव्हते, दुसरीकडे जागा नव्हती. म्हणून बाळ सांभाळायला बाई पुरवणाऱ्या पुण्यातल्याच एका ब्युरोला फोन केला. "कामावर कधी हजर व्हायचंय?" हा तिथल्या मॅडमचा पहिला प्रश्न. बाळ किती महिन्यांचं, हे त्यांनी बऱ्याच वेळाने विचारलं. माझी निकड किती आहे तेच त्या मोजत होत्या, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

नोंदणीचे २,००० आणि बाईच्या एका महिन्याच्या पगाराएवढं, म्हणजे १६,००० रुपये कमिशन. दोन्ही आगाऊ. करार ११ महिन्यांचा, मधे बाईने काम सोडलं तर तीन वेळा बदली बाई फुकट. पैसे यूपीआयने पाठवताना खात्यावर ब्युरोचं नाव दिसेना, भलत्याच माणसाचं नाव दिसलं. विचारलं तर "ते आमचं अकाउंट बघतात" म्हणाल्या. मी पाठवले. पोलीस पडताळणीचा कागदही दाखवला, त्यावर शिक्का होता. नवऱ्याने पुढे तो नीट वाचला, तेव्हा कळलं की ती फक्त अर्ज मिळाल्याची पोच होती. पडताळणी झाली की नाही, याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

आलेल्या मावशी मात्र खरंच चांगल्या होत्या. बाळाला मांडीवर घेऊन नाचणीचं सत्त्व इतक्या धीराने भरवायच्या की मी निर्धास्त झाले. चार दिवस आल्या. पाचव्या दिवशी, मी कामावर हजर व्हायच्या आदल्या दिवशी, त्यांचा फोन बंद. ब्युरोतून उत्तर आलं, "त्यांच्या गावाला मयत झालीय. बदली बाई उद्या नक्की येतेय."

तो उद्या नऊ दिवसांनी उगवला. तोवर मी बिनपगारी रजा काढली. आलेल्या बाईंना एका आजींची सेवा करायची आहे असं सांगून पाठवलं होतं. तान्हं मूल बघून त्या संध्याकाळीच परत गेल्या. तिसऱ्या तर सोसायटीच्या गेटवरूनच परत फिरल्या, आणि ब्युरोने तीही एक बदली धरली. मी पैसे परत मागितले तेव्हा मॅडम म्हणाल्या, "तुमच्याच घरी बाया टिकत नाहीत, त्याला आम्ही काय करणार?"

हे वाक्य मला पैशांपेक्षा जास्त लागलं. मावशींना मी काही टाकून बोलले का, जेवण कमी वाढलं का, हे आठवत मी दोन रात्री जागून काढल्या. लाजेपोटी शेजारणींनाही सांगितलं नाही. तेव्हा सांगितलं असतं तर पलीकडच्या इमारतीतल्या एका आईचे पैसे वाचले असते. त्याच ब्युरोने तिलाही असंच गंडवलं होतं.

महिन्याभराने मावशी भाजीच्या गाडीपाशी भेटल्या. मला बघून रडायलाच लागल्या. गावाला कुणीच गेलं नव्हतं. ब्युरोने त्यांना आमच्याकडून काढून दुसऱ्या घरी लावलं होतं, आणि त्या घरातूनही पूर्ण कमिशन घेतलं होतं. शिवाय त्यांच्या पहिल्या पगारातले निम्मे पैसे ब्युरो ठेवून घेणार होता. "नाही कसं म्हणू ताई, माझं आधार कार्ड त्यांच्याकडे अडकलंय."

करार पुन्हा वाचला. "बदली बाई उपलब्धतेनुसार देण्यात येईल." दिवसांची मुदत कुठेच नाही, पैसे परत करण्याचा शब्द नाही. तुम्ही सही करणार असाल तर किती दिवसांत बदली, नाहीतर किती रक्कम परत, हे आकड्यांत लिहून घ्या. पैसे ब्युरोच्याच नावाच्या खात्यावर भरा. आणि येणाऱ्या बाईशी एकटीने बसून बोला: हातात किती पगार पडणार, कागदपत्रं कुणाकडे आहेत, आधीचं घर कोणतं. त्या घरी स्वतः फोन करा.

मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण ब्युरोने दाद दिली नाही. मग जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी लागत नाही आणि दोन वर्षांपर्यंत तक्रार करता येते. यूपीआयच्या नोंदी आणि व्हॉट्सॲपवरचे सगळे "उद्या नक्की" मी जोडले आहेत. निकाल अजून लागायचा आहे.

या धावपळीत एका मैत्रिणीने सांगितलं की ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय कायद्याने २०१७ पासून बंधनकारक आहे, आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येतं. आमच्या ऑफिसात दोनशेवर माणसं आहेत. नोकरीवर घेतानाच हे लेखी कळवायला हवं होतं, मला कुणी कळवलं नाही. मी लेखी मागणी केल्यावर ऑफिसने जवळच्या पाळणाघरात सोय केली. दुपारी जाऊन मी बाळाला पाजून येते. ब्युरोत १८,००० रुपये भरायच्या आधी हा अर्ज करायला हवा होता.

परवा आमच्या गेटबाहेरच्या विजेच्या खांबावर नवी जाहिरात चिकटवलेली दिसली. "घरगुती व विश्वासू बाया मिळतील." ब्युरोचं नाव वेगळं आहे. मोबाइल नंबर तोच.